ओळ धरायला कुणी नव्हतं

बाळंतिणीच्या खोलीत गाणं एकटीनं म्हणायचं नसतं, ही रीत मला एका तुर्की बाईनं सांगितली. तुर्कस्तानातल्या तिच्या गावी कुणी बाळंत झाली की शेजारणी डफ घेऊन पलंगाभोवती जमायच्या. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती धरायची. इथे दुबईत तिच्या पलंगाजवळ टेबलफॅन होता आणि मी होते.

वर्ष सदुसष्ट. खाडीच्या एका काठावर, देरा भागातल्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. तिचा नवरा बंदराच्या कामावर इंजिनियर. सकाळी अब्र्यातून, म्हणजे तिथल्या छोट्या होडीतून, खाडी ओलांडून मी बाळाला अंघोळ घालायला त्यांच्या घरी जायची. नुकतीच जूनची अरब-इस्राएल लढाई झाली होती. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत रेडिओ मोठ्यानं चालू असायचा, लोक त्याच्याभोवती उभे असायचे, आणि मी तिथून मान खाली घालून जायची.

ती गायची ती भाषा स्पॅनिशसारखी होती. 'आजीची भाषा' यापलीकडे ती काही सांगत नसे. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकलून दिलेल्या ज्यूंनी ती जपली, हे मी फार नंतर वाचलं. एक ओळ म्हणून ती थांबायची, दाराकडे बघायची, मग तीच ओळ हळू आवाजात स्वतःच परत म्हणायची. ते थांबणं मला सोसवत नसे.

"आठव्या दिवशी डॉक्टर सुंता करायला येणार आहेत," ती एकदा म्हणाली. "त्या दिवशी तरी माझी ओळ कुणीतरी धरायला हवी, सिस्टर. नाहीतर मुलगा आला आणि कुणी 'ये' म्हटलंच नाही असं होईल."

नेमकी आठव्या दिवशी सुंता ही ज्यूंची रीत, मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या गाण्यात एक नाव आलं, एलियाहू हन्नाबी. बाळ टॉवेलात गुंडाळून माझ्या डाव्या हातावर होतं. उजव्या हाताची बोटं आपोआप ओठांना लागली.

मी अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्या घरी त्या प्रेषिताचं नाव निघालं की बोटं ओठांना लावायची, हे मी बोलायच्या आधी शिकले. त्याच्या नावानं आई पोह्यांचा मालिदा करायची आणि मराठीत गाणी म्हणायची. पण नोकरी लावणाऱ्या एजंटानं मुंबईतच बजावलं होतं, "तिकडे कुणी विचारलं तर ख्रिश्चन सांगायचं. खलास." घर माझ्या पगारावर चालत होतं. मी तेच सांगत आले होते.

ती गायची थांबली. "सिस्टर, हे नाव तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मग तुमचा हात..."

"घाम पुसला. मी ख्रिश्चन आहे, मॅडम."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातून बाळ घेतलं. अंगावर पावडर तिनंच लावली. त्यानंतर ती माझ्यासमोर गायली नाही. मी पोचले की पडदा ओढलेला असायचा आणि नवरा ऑफिसला न जाता बाहेरच्या खोलीत बसलेला असायचा.

मला वाटलं, ती दुखावली. ती घाबरली असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी फक्त माझ्या भीतीचा विचार करत होते.

आठव्या दिवशी पहाटे उठून मी पोहे भिजवले. गूळ, ओला नारळ, वेलची. ओळ धरायची, मग व्हायचं ते होऊ दे, असं ठरवलं होतं. दवाखान्याच्या मागच्या स्वयंपाकघरात आमचे कंपाउंडर आले. श्रीवर्धनकडचे मुसलमान, माझ्या वडलांच्या वयाचे.

"काय गो बाय, आज पोहे?"

"नाश्त्याला, चाचा."

"एवढा नारळ नाश्त्याला? आमच्या गावचे शनवारतेली नवसाला असेच करत." ते हसले. "माझी वाटी ठेव म्हणजे झालं."

कोकणात आम्हाला शनवारतेली म्हणतात. मी घाईनं डब्याचं झाकण लावलं. तरी डबा घेऊन निघाले.

दार तिनंच उघडलं, अर्धं. आत डॉक्टरांची बॅग दिसत होती. बाळ रडत होतं, म्हणजे सुंता झाली होती. मी डब्याचं झाकण काढलं. "एलियाहू हन्नाबीच्या नावानं आणलंय," मी म्हटलं. "मॅडम, मी खोटं बोलले होते. तुम्ही म्हणा, मी ओळ धरते."

तिनं मागे नवऱ्याकडे पाहिलं. मग अगदी नीट, शब्द मोजून ती म्हणाली, "हे नाव मी कधी ऐकलेलं नाही. आम्ही तुर्क आहोत. तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. शपथ."

"उद्यापासून येऊ नका, सिस्टर. थँक यू."

कडी लागली. मी जिन्यात थांबले. वाटलं, आता तरी गाईल. आत फक्त बाळ रडत होतं. ते रडून थकलं, गप्प झालं, तरी गाणं आलं नाही. एकटीनंसुद्धा तिनं म्हटलं नाही.

परत आले तेव्हा कंपाउंडर वाटी घेऊनच बसले होते. चवीनं खाल्लं त्यांनी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवस पोचला का गो?"

"नाही, चाचा."

"बरं," ते म्हणाले, आणि उरलेला डबा माझ्याकडे सरकवला. "तू पण खा. टाकायचा नसतो ना तो तुमच्यात?"

मी खाल्ला. बोटं ओठांपाशी आली ती फक्त घास घेऊन.