फोटोतला उजवा कान

फोटोवर माझा विश्वास नाही. कोणी हौसेनं अल्बम उघडला की मी आधी बघते, हा असा तिरका का उभा आहे, हिनं हात पदराखाली का घेतलाय. घरातले म्हणतात, म्हातारी खवट आहे. असेन. जिचं लग्न एका फोटोच्या तपासणीवर ठरलं, तिनं दुसरं काय व्हायचं?

तपासणी करणारी माझी मावशी. आमच्या बीबी गावाकडच्या नात्यागोत्यात कुठल्याही मुलीसाठी स्थळाचा फोटो आला की तो आधी मावशीच्या हातात जायचा. त्याला कारण होतं. तिच्या स्वतःच्या वेळी आलेल्या फोटोत नवरदेव खुर्चीवर ऐटीत बसलेला होता. पाहायला गेलेल्या मंडळींसमोरही तो बसूनच राहिला. तो उठत का नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मांडवात तो उभा राहिला तेव्हा समजलं, एक पाय आखूड आहे. मावशीनं संसार नीट केला, पण मला ती एकदा म्हणाली होती, "पायाचं काही नाही वं. चार मानसं मिळून फसवतात न्, त्याचं दुखते."

माझ्यासाठी रोहिणखेडहून फोटो आला तेव्हा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मुलगा बुलडाण्याला स्टुडिओत जाऊन, केसांना तेल लावून, खिशाला पेन अडकवून बसला होता. छातीपर्यंतचा फोटो. वडील पेन पाहून खूश, आई नाक पाहून खूश. मला तो बरा वाटला, पण माझ्या वाटण्याला विचारतो कोण.

मावशी फोटो घेऊन उजेडात गेली. कधी अंगठ्यानं डोळे झाकी, कधी हनुवटी झाकी. मग म्हणाली, "मान सरळ नाही याची."

"फोटोवाल्यानं सांगितलं असंल तशी ठेवाले," आई म्हणाली.

"फोटोवाला हनुवटी वर कर म्हनते, खाली कर म्हनते. हा कान पुढं करून बसला हाय. ज्याले एका कानानं ऐकू येत नाही ना, तो असा बसते. चांगला कान बोलनाऱ्याकडं."

सगळे हसले. मावशी हसली नाही. फोटोत उजवा कान पुढे होता, म्हणजे बहिरा तो डावा, असा तिचा निकाल. तिथंही ती घाई करणारी नव्हती. समोरच्या माणसाचा उजवा म्हणजे आपल्या डाव्या हाताकडचा, हे तिनं आईला हात धरून समजावलं. बहिऱ्या नवऱ्याशी जन्मभर ओरडत बोलायचं, या विचारानं मला दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

पाहुणे आले. मावशीनं मामांना आधीच पढवून ठेवलं होतं. त्यांनी मुलाच्या डाव्या अंगाला बसायचं, आणि सगळे बोलण्यात असताना तोंड दुसरीकडे करून हळूच काहीतरी विचारायचं. मी आणि मावशी आतल्या दाराच्या फटीला डोळा लावून उभ्या होतो. मुलाच्या उजव्या अंगाला त्याचे वडील अगदी खेटून बसले होते. त्या बाजूनं कोणी काही विचारलं की उत्तर तेच देत. आमचं लक्ष डावीकडे.

मामा भिंतीकडे बघत पुटपुटले, "पानी पायजे का?"

"हो, द्या," मुलगा लगेच म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. मावशीनं मला कोपरानं ढोसलं. त्या वेळी तिचा चेहरा कसा होता, हे मी बघायला हवं होतं. मी मुलाकडे बघत होते.

लग्न झालं. आमच्यात बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाला. वाढायला डावीकडे, निजायला डावीकडे, पाहुण्यांपुढे वाकायलाही डावीकडे. त्यामुळे कित्येक महिने मला काही समजलं नाही. एका दुपारी चुलीचा धूर फार झाला म्हणून मी भाकरीची टोपली घेऊन दुसऱ्या बाजूनं आले आणि विचारलं, "अजून देऊ का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. हे आपले वरणात भाकर चुरताहेत. मला वाटलं, रुसलेत. रुसायचं कारण आठवेना, मग मलाच राग आला. टोपली आपटून मी डावीकडे गेले आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं, "एवढा ताठा?"

"कोनाले म्हनतं?" त्यांनी दचकून विचारलं.

उजवीकडून विचारलेलं ऐकू नाही, डावीकडून पुटपुटलेलं ऐकू आलं. जेवण आवरलं आणि ट्रंकेतून फोटो काढला. फोटोत पेनाचा खिसा उजव्या छातीवर होता. सदऱ्याला खिसा डावीकडे असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. भांगही उलट्या बाजूला होता. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्हची काच उलटी लावून फोटो छापला होता. पेन सगळ्यांनी पाहिला, खिसा कोणीच पाहिला नाही. फोटोतला पुढे आलेला उजवा कान खरा डावा होता. मान वाचण्यात मावशी चुकली नव्हती. आम्ही तपासला तो त्यांचा चांगला कान.

मी फोटो त्यांच्यापुढे धरला. "काऊन सांगितलं नाही?"

"लहानपनी कान फुटला होता. मले कोनी इचारलं? तुह्या मामानं इचारलं, पानी पायजे का म्हून. पायजे होतं, म्हनलं हो."

हसावं की रडावं कळेना. सासरे त्या दिवशी उजवीकडेच का खेटून बसले होते, हे मात्र मला लख्ख कळलं. पुढे किती दिवस त्यांना जेवायला वाढताना माझा हात जोरात आपटायचा. यांच्यावरचा राग लवकर गेला. माणूस भला होता, आणि डाव्या कानात सांगितलेलं कधी विसरत नव्हता.

मावशीला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. चार माणसांनी फसवलं याचं दुःख तिनं आयुष्यभर वागवलेलं, त्यात आणखी ही भर कशाला? ती उन्हाळ्यात रोहिणखेडला आली. अंगणात यांच्या उजव्या हाताला बसून तिनं भावकीच्या साऱ्या भानगडी सांगितल्या. हे हसतमुखानं मान हलवत राहिले. मला म्हणाली, "जावई लय शांत हायत. माहा एकबी शब्द तोडला नाही." मी ओठ दाबून चहा गाळला.

निघताना तिनं पिशवी उचलली. एस.टी.ची वेळ झाली होती. हे उभे होते तिथं ती समोरून आली, थांबली, त्यांना वळसा घालून डावीकडे गेली आणि अगदी हळू म्हणाली, "पोरीले जपा."

"हाव, मावशी," हे म्हणाले.

फाट्यापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तिला आज दुपारी कळलं, की त्या दिवशी दाराच्या फटीतून? कळूनही तिनं मला दिलं असेल, तर त्या चार माणसांत पाचवी ती. शेवटी एस.टी. दिसू लागली तेव्हा मी विचारलं, "मावशी, तू तिकून वळसा घालून काऊन गेलीस?"

"त्या अंगाले सावली होती वं," ती म्हणाली, आणि गाडीत चढली.

अंगणात दोन्हीकडे ऊन होतं.