वस्ताद कुठल्या बाजूनं उठतो

बाजार खुला झाला, असं पेपरात रोज येत होतं. केजच्या आमच्या किराणा दुकानात तो दोन वाटांनी शिरला: दारात लोंबणाऱ्या शाम्पूच्या पुड्या आणि परदेशी रद्दी. रद्दीचे गठ्ठे लातूरहून यायचे. एकदा त्यात जाडजूड चित्रांची पुस्तकं निघाली, सगळी एकाच मालिकेतली, कव्हरं आधीच कुणीतरी ओरबाडलेली. अक्षरं जपानी आहेत हे मला फार नंतर कळलं. आम्ही त्यांना हाणामारीची पुस्तकं म्हणायचो, आणि त्यांत दुसरं काही नव्हतंच.

कॉलेजातून आले की मी दुकानात बसायची. शेंगदाण्यांच्या पुडीसाठी पहिलं पान फाडणार, तोच आप्पा म्हणाले, "कावून फाडतीस? बघू दे की."

मी चाटच पडले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून माझे वडील भाव आणि वजन सोडून काही बोलत नव्हते. घरात तर तेवढंही नाही. मी चिडायची, मुद्दाम भाजी खारट करायची. ते मुकाट जेवायचे. मला भीती वाटायची की हा माणूस आता असाच राहणार.

आप्पांनी पुस्तकं वाचायला घेतली, आपण वाचतो तशी, डावीकडून. पानांवरचे आकडे उलटे धावत होते, पण आप्पा म्हणाले, "तिकडं गिनती तशीच असंल." हळूहळू त्यांना गोष्ट सापडली. एक धिप्पाड, जखमांनी भरलेला गडी आहे. त्याच्या मुठीत अशी काही करामत आहे की ती लागली की पडलेला माणूस उठतो. लाथ बसली की कोसळलेली भिंत उभी राहते. ज्या पुस्तकात जखमा जास्त ते आधी, कमी ते नंतर, असा क्रमही त्यांनी लावला. लोकांना उठवत उठवत गडी लहान होत जातो, अंगावरचे वण जातात, आणि शेवटी तो एका मातीच्या ढिगाऱ्यापाशी येतो. ढिगाऱ्यातून म्हातारा वस्ताद उठून बसतो आणि पोराला पाय कसे रोवायचे ते शिकवतो. संपली गोष्ट.

आप्पा ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगू लागले! बाजाराच्या दिवशी तर साखर मागायला आलेला माणूस पोत्यावर बूड टेकून ऐकत बसायचा. तालमीतला एक पहिलवान रोज यायचा, चित्रातले पवित्रे बघून नाक मुरडायचा आणि तरीही हलायचा नाही. त्याचं खरंही होतं. एका मुक्क्याला आठ-आठ पानं, त्याआधी दोघांची लांबलचक बोलाचाली, बायका असल्याच तर तोंडावर हात धरून उभ्या. पण घामाचा थेंब असा काढलेला, की बघताना आपली मूठ आपोआप आवळायची. आणि माझे आप्पा बोलत होते. मला आणखी काही नको होतं.

मग शेजारचे घड्याळवाले चाचा चहापत्ती घ्यायला आले. रोज उर्दू पेपर वाचणारा माणूस. त्यांनी सहज आप्पांच्या गोष्टीतलं शेवटचं पुस्तक उचललं आणि हाताच्या सवयीनं उजवीकडून उघडलं. चार-सहा पानं उलटून म्हणाले, "या अल्ला! आप्पा, ह्यो म्हातारा तर मेला की!"



आप्पांनी पुस्तक हातात घेतलं. निजामाच्या काळात त्यांच्या पहिल्या दोन इयत्ता उर्दूतच गेल्या होत्या, त्यांना समजावायची गरज नव्हती. ते उजवीकडून पानं उलटत गेले. मूठ आता लोकांना पाडत होती. मला चाचांचा असा राग आला की त्यांची चहापत्ती मी आपटूनच दिली.

दुसऱ्या दिवशी पहिलवानानं गोष्ट मागितली, तर आप्पा म्हणाले, "चाचांना इचारा." आणि पुन्हा भाव आणि वजन.

चाचा बिचारे ओशाळले होते. भरपाई म्हणून रोज संध्याकाळी ते स्टुलावर बसून उजवीकडून गोष्ट सांगू लागले, अगदी हातवारे करून. वस्ताद मेला. पोरगं चिडलं. एकाला मारलं, तर त्याच्यापेक्षा मोठा आला. त्याला मारलं, तर आणखी मोठा. मेलेलाच एकजण परत आला, का ते चाचांनाही सांगता येईना. लोक जांभया देऊ लागले. शेवटचं पुस्तक ऐन मारामारीत संपलं.

"मंग जितलं कोन?" पहिलवान म्हणाला.

"अजून चालूच हाय," चाचा म्हणाले.

"ह्याला काय अर्थ हाय बे!" म्हणून पहिलवान उठायला लागला, तेव्हा गल्ल्यावरून आप्पांचा आवाज आला. "चाचा, तुमचं बरोबर हाय. पुस्तक तुमच्याच बाजूनं हाय. पर तुमच्या बाजूनं वस्ताद मरतो, आन् पुढं निस्ती हाणामारी. माज्या बाजूनं त्यो उठून बसतो." ते तराजूच्या पारड्यावरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या घरातली काय उठली न्हाई. ह्यो तर उठू द्या."

वर्षभरात आईविषयी ते पहिल्यांदा बोलले होते. मी तोंड फिरवून डाळीच्या पोत्याकडं बघत रडले.

चाचांनी हातातलं पुस्तक फिरवलं आणि डावी बाजू वर करून आप्पांसमोर ठेवलं. "माजंच चुकलं. सांगा तुमी."

"आप्पा," पहिलवान परत बसत म्हणाला, "आदी पावशेर गूळ द्या, मंग उठवा म्हाताऱ्याला."

आप्पा हसले, अगदी मोठ्यानं. गूळ तोलता तोलता त्यांनी गोष्ट सुरू केली, आणि घरी जातानाही रस्ताभर ती मलाच सांगत राहिले, जणू मी ती कधी ऐकलीच नव्हती.