भाचा जज्ज होऊन आला तेव्हा

माझ्या वकिलाला तळहात वर करायची सवय होती. तुम्ही त्याच्या पनवेलच्या ऑफिसात शिरलात, तोंड उघडलंत, की हात वर. "थांबा. आधी समोरचा कोण ते सांगा." समोरचा ओळखीतला निघाला तर तुमचा एक शब्द ऐकणार नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा वकील की ट्रॅफिकचा हवालदार?

मी चौथीतनं शाळा सोडलेला, पण मान कुणापुढे खाली घातली नाही. तुर्भ्याजवळच्या गावात माझ्या बापाने हाताने बांधलेलं घर. चुलतभाऊ कोर्टात गेला. म्हणे मागचं अर्धं त्याचं. त्या अर्ध्यात आमची चूल.

मी एक साक्षीदार तयार करून नेला. वकिलाने त्याला एकच विचारलं, "घर बांधलं तेव्हा तुम्ही जन्मला होतात का?" तो माझ्याकडे बघायला लागला.

"यांना चहा पाजा आणि घरी न्या."

"अहो साहेब, घर माझंच आहे! खऱ्यासाठीच खोटं बोलतोय ना?"

"मग खऱ्यालाच बोलू द्या की."

असा माणूस. तुम्ही काय केलं असतं सांगा.

दोन वर्षांनी आमच्या कोर्टात नवा जज्ज आला. वकिलाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा! मी किलोभर पेढे घेतले, गावच्या नाक्यावर वाटले, चुलतभावाच्या दारात तर दोन जास्त ठेवले. वकिलाकडे पोचलो तर माझे कागद दोरीने बांधून तयार.

"भाच्यासमोर मला उभं राहता येत नाही, दादा. दुसरा वकील बघा."

"देव पावला आणि तुम्ही पळता?"

"आणि पेढे कशाला वाटलेत? आता निकाल सरळ लागला तरी कोण मानेल?"

दुसऱ्या वकीलबाईंचं नाव त्यानेच दिलं, आख्खी संध्याकाळ बसून त्यांना सगळं समजावलं. घरी बायको म्हणाली, "त्यो तुमचा वकील हाय का तुमच्या भावाचा?"

एकदा जिताडा घेऊन त्याच्या घरी गेलो. दार जेमतेम उघडलं. "आत भाचा जेवतोय. दावा संपेपर्यंत या दारात दिसू नका." आणि दार बंद. भर दुपारी, शेजाऱ्यांदेखत! मासा घेऊन एसटीने परत आलो. गाडीभर लोक माझ्याकडे बघत होते.

दावा मी जिंकलो. चुलतभाऊ वरच्या कोर्टात गेला नाही. "जाऊन सांगणार काय? तुझ्याच वकिलाने तुला दारातनं हाकललं, सगळ्या पनवेलला ठाऊक," म्हणाला. मी मात्र रागाने वकिलाला निकाल कळवलाच नाही.

वर्षभराने कळलं, वकील वारला. त्याच्या घरी भेटायला गेलो तर पाणी घेऊन जज्जसाहेबच आले. मला ओळखलं.

"तुमच्या फाइलीत मामांचं जुनं वकीलपत्र होतं. जेवताना मी चुकून विचारलं, माणूस कसा आहे? मामा ताटावरून उठले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत."

"चांगला आहे, एवढंही नाही म्हणाले?"

"नाही."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं ओळखत होता मला! पण भांडणार कुणाशी? समोर हार घातलेला फोटो.

"घर राहिलं, साहेब," मी फोटोला मोठ्याने सांगितलं. जज्जसाहेब खाली बघत उभे होते.