मांडवातली वाचन चाचणी

तेवीस वर्षांची असताना मला वाटायचं, वेळापत्रक भिंतीवर लावलं की जग त्याप्रमाणे चालतं. डोंबिवलीत वाढल्याचा हा परिणाम. आमच्या इमारतीतली लग्नंसुद्धा शनिवार-रविवार बघून ठरायची आणि चारच्या ठोक्याला हॉल रिकामा करून द्यायची. माझी नेमणूक झाली ती आंबिवलीपासून टमटमने अर्ध्या तासावरच्या एका आगरी गावात, जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेत. शिक्षणसेवक म्हणून. म्हणजे तीन वर्षं शेरे चांगले आले तर नोकरी कायम, नाहीतर घरी परत येऊन आईचं "मी सांगत होते" ऐकायचं.

तिसऱ्या वर्षी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणारे साहेब, वाचन चाचणी घ्यायला येणार होते. दिवस कोणता ठेवू, असं त्यांनी मला विचारलं आणि मी कॅलेंडर बघून गुरुवार कळवून टाकला. आमचे मोठे सर तेवढं म्हणाले, गावात कुणाला विचारलंत का? गावाला काय विचारायचंय, असं म्हणून मी फळा पुसायला घेतला. तेव्हा मी फार फटकळ होते. आता कमी झाले आहे, असं मीच म्हणते.

गुरुवारी सकाळी वर्गात एकही मूल नव्हतं. गावात हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे चार बायका आणि एक वाटी. इथे एका घरी हळद असली की बाकी गावात चूल पेटत नाही. सगळे, अगदी पोरंसोरंसुद्धा, सकाळपासून त्या मांडवात राबतात आणि तिथेच जेवतात. दोन वर्षं मी अशा दिवशी सरळ गैरहजेरी मांडून मोकळी झाले होते. आज ते परवडणारं नव्हतं. मी तणतणत मांडवात गेले.

माझा चौथीचा वर्ग ताडपत्रीवर ओळीने बसून लसूण सोलत होता. इतकी सरळ ओळ मला शाळेत कधी जमली नव्हती. मध्यभागी बसली होती धवलारीण. इथल्या लग्नाचे विधी ही बाई धवले गात गात पार पाडते, त्यामुळे तिच्या शब्दाशिवाय मांडवात पान हलत नाही. मी तिला सांगितलं, साहेब येताहेत, मुलं पाठवा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तिने लसणाची पाटी माझ्यापुढे सरकवली.

"बस नं बाय. शाला कुठं पलून जात नाय."

मला इतका राग आला की मी बसले. रागाच्या भरात दोन गड्डे सोललेसुद्धा.

तेवढ्यात साहेब आले. रिकामी शाळा बघून मोठ्या सरांबरोबर ते थेट मांडवातच पोचले होते. चेहरा चढलेला, बगलेत तपासणीची वही. धवलारणीने त्यांना खुर्ची दिली, हातात वड्यांची ताटली दिली. तिसऱ्या वड्याला साहेब म्हणाले, चाचणी इथेच घेऊ. मुलांची दप्तरं घरी, म्हणून मोठ्या सरांनी लग्नपत्रिका पुढे केली. मुलांनी ती धडाधड वाचली. आजे, काके, मामे, सगळी नावं एका दमात. साहेब खूश झाले. मी गप्प बसले असते तर चाललं असतं, पण अर्धी मुलं पत्रिकेकडे बघतही नव्हती.

"सर, ही त्यांना पाठ आहे," मी म्हणाले. मोठ्या सरांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी जरा विचार केला, आपली वही उघडली आणि समोरच्या मुलीच्या हातात ठेवली. हे तरी पाठ नसेल, म्हणाले. ती नेमकी धवलारणीची नात. माझ्याजवळ बसून वाचायची, पण चारचौघांत तीन वर्षांत हूं की चूं केलेलं नव्हतं. तिने हात फ्रॉकला पुसले, बोट ओळीवर ठेवलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं वाचलं:

"शाळेत एकही... वि-द्यार्थी... उप-स्थित नाही. शि-क्षिका जागेवर नाहीत."

तो माझा शेरा होता, मांडवात येण्याआधी साहेबांनी रिकाम्या शाळेत लिहिलेला. पण मला आधी सुचलं ते एवढंच, की सगळी जोडाक्षरं तिने बरोबर वाचली. आता आपली नोकरी जाणार, हे त्यानंतर सुचलं.

साहेबांनी वही परत घेऊन त्या दोन्ही वाक्यांवर सावकाश आडवी रेघ मारली.

धवलारणीला अक्षरओळख नाही. साहेबांनी काय लिहिलं होतं, याच्याशी तिला काही देणंघेणंही नव्हतं. ती माझ्याकडे वळली.

"बरोबर वाचलं का बाय तिनं?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले आणि मला रडू आलं. लसूण झोंबला, असं मी सांगितलं. भोवतीच्या बायका जन्मभर लसूण सोलत आल्या होत्या. लसणाने कुणी रडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण धवलारणीने फक्त आणखी एक गड्डा माझ्या हातात ठेवला.