कासमचाचांचं खट्ट

कासमचाचा कुणाला आधी सलाम करत नसत. समोरचा सायकलवरून उतरला की ते त्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबून धरत, दुसऱ्या हाताचं बोट हँडलखालच्या लोखंडी वाटीवर टेकवत आणि सायकल जागच्या जागी पुढेमागे ढकलत. बोटाला काही हलल्यासारखं लागलं नाही तर, "सलाम, बसा." लागलं तर सलाम राहिला बाजूला, डोळे मिटून ते म्हणत, "मान ढिली हाय." ती सायकलची, हे नवीन गिऱ्हाइकाला कळायला जरा वेळ लागे.

रत्नागिरीत आमच्या घरासमोर, उतार संपतो तिथे त्यांचं दुकान होतं. वीस वर्षं मचव्यावर खलाशी म्हणून काढून ते चाचींच्या हुकुमावरून जमिनीवर आले होते. हँडलला ते सुकाणूच म्हणत.

माझी त्यांच्याशी खरी ओळख अठ्ठ्याण्णव साली झाली. टायपिंगच्या क्लासात शिकवायला मी सायकलने जायची आणि उतारावर ब्रेक दाबला की खट्ट व्हायचं. दोष रस्त्याचा, याबद्दल मला शंकाच नव्हती. मी साप्ताहिकाला दोन पानी जळजळीत पत्र लिहिलं आणि ओट्यावर बसून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवलं. रस्त्यापलीकडून चाचांनी ते सगळं ऐकलं. ते आले, ब्रेक दाबला, बोट टेकवलं.

"रस्ता वाईट हाय, खरं हाय," ते म्हणाले. "पण त्याच्यावरनं सगळी जातात. खट्ट तुझ्याच सायकलीत कसं वाजतं गो?"

मग त्यांनी हँडल काढलं, वाट्यांमधले छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरून परत बसवले. वरची वाटी हातानेच आवळली, किंचित उलटी फिरवली आणि मग नट घट्ट केला. पुढचं चाक उचलून सायकल जराशी कलती केली तर हँडल आपसूक एका बाजूला वळलं. "ढिला खेळ गेला पायजे, वळणं नाय गेलं पायजे. लोकं ढिलं सापडलं की असं आवळतात, सुकाणूच बांधून टाकतात." माझं पत्र पोस्टात पडलं नाही, हे सांगायला नको.

आप्पांवर मात्र याचा भलताच परिणाम झाला. गवंड्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाबद्दल ते चाचांचं मत घेऊ लागले. मला सांगून आलेलं एक बरं स्थळ चाचांनी नुसती मान हलवली म्हणून आप्पांनी परत पाठवलं. चाचांची मान त्या दिवशी अवघडली होती, हे आम्हांला पुढच्या आठवड्यात कळलं.

पुढच्या वर्षी सुधाकर बघायला आला. शाळेत मास्तर. रिक्षात आई, मामा, मामी आणि आत्या मावल्यावर नवऱ्या मुलाला जागाच उरली नाही, म्हणून तो मागून सायकलने आला आणि सायकल त्याने चाचांच्या दुकानाला टेकवून ठेवली. घामाघूम होऊन तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि मला तो आवडला. पोह्यांचा ट्रे हातात धरून मी मनात म्हटलं, देवा, हे जमू दे.

मामा विचारत होते, "मुलीला गाणंबिणं येतं का?" आणि खिडकीतून आवाज आला, खट्ट. आप्पांचा चमचा थांबला. पुन्हा खट्ट.

हात पुसत चाचा दारात उभे राहिले. "ती सायकल कोनाची? मान ढिली हाय."

"माझी," सुधाकर म्हणाला.

"किती दिस वाजते?"

"दोन महिने झाले. मला वाटलं, रस्ताच खराब आहे."

मी फस्सकन हसले. बघायच्या कार्यक्रमात मुलीने असं हसायचं नसतं. आत्याबाईंनी भुवया वर केल्या, आप्पांनी माझ्याकडे नि मग चाचांकडे पाहिलं. चाचा गंभीरपणे म्हणाले, "दोन महिने आयकलं नाय यानं."

झालं, मला वाटलं. गेलं हेही स्थळ.

पण सुधाकर पोहे अर्धे टाकून उठला आणि त्यांच्यामागून दुकानात गेला. चाचांनी पाना त्याच्याच हातात दिला. पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं. त्याने जोर दाखवायच्या नादात नट असा आवळला की हँडल जागचं हलेना. "आता होडी सरळ खडकावर जायल," चाचा म्हणाले. वाद न घालता त्याने नट सोडला, वाटी थोडी उलटी फिरवली, पुन्हा आवळला. चाक उचललं. हँडल वळलं.

ओट्यावर आप्पा चमचा हातातच धरून उभे होते. चाचांनी तिथूनच सांगितलं, "आप्पानूं, ह्यो आयकायला उशीर करतो. पण सांगितलं की उलटं फिरवतो. चालंल."

आमचं लग्न असं ठरलं. पत्रिका जुळतात की नाही, हे आप्पांनी नंतर बघितलं.

सात वर्षांनी चाचा गेले. आम्ही दोघं चाचींना भेटायला गेलो. चाचांची सायकल अंगणात भिंतीला टेकून होती. सुधाकरने सवयीने पुढचा ब्रेक दाबला आणि ती हलवली. खट्ट. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. अख्ख्या गावाच्या माना नीट करणाऱ्या माणसाची स्वतःची सायकल ढिली. सुधाकरला राहवलं नाही. तो पाना शोधायला वळला, तेवढ्यात चाची दारात आल्या.

"नको रे बाबा. ते पन घट करतो म्हनायचे, मीच नको म्हटलं. वळणावर खट्ट वाजलं की मला कळायचं, आले. मी चाय ठेवायची."

सुधाकरने सायकल भिंतीला हळूच टेकवून ठेवली. मला रडू आलं.

हल्ली संध्याकाळी आमच्या फाटकाशी सुधाकरची सायकल खट्ट वाजते. महिना होत आला. त्याला अजून ऐकू आलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही.