सिंगल बेल, डबल बेल

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यातली बरीचशी नांदेड–लातूर मार्गावर गेली. निवृत्त झाल्यावर माणसानं देवदर्शन करावं, नातवंडं खेळवावीत, दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी क्रिप्टोच्या नादी लागलो. हे ऐकून बायकोनं कपाळाला हात लावला, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

नोकरीत असताना मी इमू पाळायला पैसे घातले होते. पुढे ते पक्षी फुकट न्यायलाही कुणी येईना. मग कोरफड लावली. मग औशाच्या रोडला एक प्लॉट घेतला, त्यात पावसाळ्यात बदकं पोहतात. प्रत्येक वेळी बायकोला एकच वचन दिलं होतं: "ह्यातून सुटलो की तुझी गिरणी आणतो." तिला घरगुती पिठाची गिरणी हवी होती. आमच्या गल्लीतला गिरणीवाला उन्हाळ्यात मिरची कांडली की त्याच यंत्रावर ज्वारी दळायचा, आणि आमच्या भाकरीनं पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकोणीस वर्षं ती हे वचन ऐकत होती.

लेकीकडं नांदेडला गेलो होतो, तेव्हा क्रिप्टोचं खातं मला माझ्या जावयानं उघडून दिलं. ते तिथं शिक्षक आहेत, स्वतः थोडंफार करतात, आणि शिक्षकच असल्यामुळे मलाही त्यांनी विद्यार्थी समजूनच शिकवलं. "मामा," ते म्हणाले, "हे पैसे उद्या बुडाले तरी जेवताना घास अडकणार न्हाई, एवढेच घालायचे. पाच हजाराच्या वर एक रुपया न्हाई."

पाच हजार तरी कुठून आणायचे? माझी पेन्शन किती, ते सांगायची मला लाज वाटते. लातूरला परतल्यावर मी बायकोपुढं विषय काढला. तिनं सगळं ऐकून घेतलं, डब्यातून भिशीचे पाच हजार काढले आणि माझ्या हातावर ठेवले.

"घ्या," ती म्हणाली. "पण हे शेवटचं हाय. ह्यातून गिरणी आली तर आली. न्हाई तर पुन्हा कुठल्या धंद्याचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाई. मी ऐकणार न्हाई."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली, म्हणून मी घाबरलो.

आता माझी चूक सांगतो. ती कंडक्टरच करू जाणे. तीस वर्षांत मी प्रवाशाला रस्त्यात टाकून गाडी हलवली नाही. अहमदपूरच्या स्टँडवर कुणी चहाला उतरला आणि वेळेत आला नाही, तर ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून लाल व्हायचा, पण मी बेलच्या दोरीला हात लावत नसे. येतोय, आत्ता तर गेलाय, पिशवी सीटवरच आहे. दहा-बारा मिनिटांनी तो तोंड पुसत यायचाच. डेपोत माझी त्यावरून चेष्टा व्हायची. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

तर मी एक छोटं कॉइन घेतलं, तीन हजारांचं. घेतल्याबरोबर ते पडायला लागलं. जावई फोनवर म्हणाले, "मामा, निघा त्यातून." मी म्हटलं, "येईल हो परत, आत्ताच तर गेलंय." दुसऱ्या आठवड्यात ते अर्ध्यावर आलं. मी वाट पाहत बसलो. महिन्यानं त्याचे नऊशे रुपये उरले होते. हा प्रवासी चहा प्यायला गेलाच नव्हता, तो गावी निघून गेला होता. पाच हजारांचे दोन हजार नऊशे झाले आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

लपवायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण बायकोला माझं तोंड वाचता येतं. तिनं विचारलं, मी सांगितलं, आणि ती हसायला लागली. "तुमी गाडीत जे केलं तेच हितं करून राहिले. तुमच्या हातात बेल देऊच ने."

हे ती चेष्टेत म्हणाली, पण मी ते धरून ठेवलं. खरंच, बेल माझ्या हातात का असावी? मी एक वही घेतली. ठरवलं, की काहीही विकत घ्यायच्या आधी वहीत दोन आकडे लिहायचे: किती खाली गेलं की निघायचं आणि किती वर गेलं की उतरायचं. वही बायकोकडं. दिवसातून दोनदाच भाव बघायचा, सकाळी अंघोळीनंतर आणि संध्याकाळी पाचच्या चहाला, कारण हा बाजार कधीच बंद होत नाही आणि त्याच्या मागं लागलेला माणूसही मग बंद होत नाही. मी आकडा वाचून दाखवायचा, तिनं वहीशी ताडून बघायचं, आणि देवघरातली घंटा वाजवायची. गाडीतलाच कायदा: सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. सिंगल वाजली की विकायचं, वाद नाही. तिनं डबल दिल्याशिवाय नवीन काही घ्यायचं नाही. ती कंडक्टर, मी ड्रायव्हर.

वहीच्या पहिल्या पानावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सोळा हजार झाले की सगळं विकायचं. गिरणी साडेचौदाची होती, वरचे करासाठी बाजूला ठेवायचे होते.

पहिले काही महिने मला लई राग यायचा. शेजारचे लोक विचारायचे, हिच्या देवाची आरती पाच वाजताच कशी असते? एकदा सिंगल बेल झाली, मी चरफडत विकलं आणि दुसऱ्याच दिवशी ते कॉइन चढलं. मी दिवसभर फुगून बसलो. "तोटा किती झाला?" तिनं विचारलं. एकशे तीस रुपये. "इमूला किती झाला होता?" पुढच्या खेपेला सिंगल बेलनंतर भाव कोसळतच गेला, तेव्हा मात्र मी तिला स्वतःच्या हातानं चहा करून दिला.

जावयांना आणि बायकोला विचारून पेन्शनमधून मी दर महिन्याला पाचशे रुपये टाकत होतो. जास्त करून बिटकॉइन घ्यायचो, तेही थोडं थोडं. खातं मुंगीच्या पावलानं वाढत होतं. चार हजार, सहा, पुन्हा साडेपाच, आठ. नाक्यावरचे मित्र पैसे दुप्पट झाल्याच्या गोष्टी सांगायचे आणि पुढच्या महिन्यात त्या गोष्टी सांगायचं बंद करायचे. मी माझा आकडा कुणाला सांगितला नाही. खरं सांगायचं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि मला त्याचंच बरं वाटायला लागलं होतं.

दीड वर्ष झालं. एका आठवड्यात बाजार उसळला. त्या संध्याकाळी चहा समोर होता, मी चष्मा पुसून आकडा वाचला: सोळा हजार दोनशे चाळीस.

बेल वाजली नाही.

मी वळून बघितलं. ती देवघरापुढं वही घेऊन उभी होती, घंटा हातात होती, पण हात हलत नव्हता. "अहो," ती म्हणाली, "लई जोरात चढून राहिलंय. दोन दिवस थांबू की. वीस होत्याल. मिक्सर पण जुना झालाय."

मला तिचा राग आला नाही. माझ्याही मनात नेमकं तेच चाललं होतं, बोट स्क्रीनवरून मागं सरकलंच होतं. तेवढ्यात मला लातूरच्या अलीकडचा चाकूरचा थांबा आठवला. गाडी थेट लातूरला जाणार असते, सीट रिकामी असते, बाहेर ऊन असतं, प्रवाशाला उतरावंसं वाटत नसतं. पण ज्याचं तिकीट चाकूरचं त्याला चाकूरला उतरवावंच लागतं. आमचं तिकीट सोळा हजारांचं होतं, आणि ते तिनंच लिहिलं होतं.

मी उठलो, तिच्या हातातून घंटा घेतली आणि एकदा वाजवली. मग खुर्चीत बसून सगळं विकून टाकलं. चहा गार झाला होता, तो तिनं पुन्हा गरम करून आणला.

चार दिवसांनी गिरणी आली. टेम्पोवाल्यानं ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली, तिनं कुंकू लावलं, आणि पहिल्यांदा ज्वारी टाकली. केवढा आवाज! मला माझ्या जुन्या गाडीची आठवण आली. त्या दिवशीच्या भाकरीला मिरचीचा वासही नव्हता, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाजार पुढंही चढत राहिला. मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं, कारण तिनं माझ्या नकळत फोनमध्ये बघितलेलं मला दिसलं होतं. मी टोमण्याची वाट बघत होतो. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. आणि ते "शेवटचं हाय" माझ्या कानात होतंच. गिरणी आली होती, माझं वचन पुरं झालं होतं, खातं रिकामं होतं. आता पुन्हा विषय काढायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

महिन्याभरानं, पाचचा चहा झाल्यावर, तिनं माझ्यापुढं ती वही ठेवली. कोरं पान उघडलेलं होतं. त्यावर पाचशे रुपये होते, सगळ्या दहा-वीसच्या पिठाळलेल्या नोटा, शेजारणींची दळणं दळून मिळालेल्या.

"खालचा आणि वरचा आकडा आधी लिवा," ती म्हणाली आणि देवघराकडं गेली.

मी लिहिले. आतून बेल वाजली, एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. मी चष्मा शोधायला लागलो.