फक्त आपल्यातल्या

पडद्यावर माझ्या आईचा फोटो होता. कौस्तुभनं एका चौकोनात टिक केली आणि आई गेली. समोर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

चौकोनापुढं लिहिलं होतं, ‘फक्त आपल्यातल्या’.

वारज्यातल्या त्याच्या सोसायटीचा हॉल. आमच्या ॲपचं लाँच. घरात स्वयंपाकाला बाई हवी, तर फोनवर फोटो बघा, भाव बघा, बोलवा. कौस्तुभ कंपनीचा मालक. कोड लिहिणारे दोघं, मी आणि ओंकार. कंपनी म्हणजे कौस्तुभच्या फ्लॅटमधली मागची खोली. तरी पण माझं पहिलं काम होतं ते, आणि मला त्याचा काय माज होता म्हणून सांगू!

आई आयुष्यभर लोकांची भांडी-फरशी करत आली. ओट्याला तिचा हात लागतो तो पुसण्यापुरता. गॅसपाशी कुणी उभं केलं नाही. आणि पोळी तिची अशी, की मोडली की पदर न् पदर सुटतो. हडपसरच्या आमच्या आळीत लग्नाच्या पोळ्या तिच्याशिवाय होत नाहीत. म्हणून ॲपमध्ये पहिली नोंद मी तिची केली. काम : स्वयंपाक. ते लिहिताना रडू आलं मला. आता तरी कुणीतरी तिला पोळ्यांना बोलवेल, एवढंच डोक्यात.

कौस्तुभचा एक लाडका शब्द होता, एमव्हीपी. म्हणजे कमीत कमी, पण चालेल असं काहीतरी बाजारात आणायचं. बाकीचं मागाहून. मी म्हटलं, बायकांना आठवड्याची सुट्टी टाकू. "नंतर बघू." घरातले कसे वागतात, त्याचे गुण बायकांनी द्यावेत. "अगं, कमीत कमी म्हणजे कमीत कमी!" बरं. गप्प बसले.

आणि हे बसलं कमीत कमीत. हा चौकोन. लाँचच्या सकाळी ओंकारनं घातला, मला न सांगता.

कौस्तुभ माईकवर सांगत होता, "आडनावावरून आपोआप ओळखतं." पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "आम्ही जातबीत काही मानत नाही हो. पण स्वयंपाकाचं म्हणजे, आपल्यातली असली की बरं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आई तिथंच होती. शेवटच्या खुर्चीत. विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून आली होती. कौस्तुभनंच बोलावलं होतं, "आईंना घेऊन ये ना, फोटो छान येतील." तिनं माझी बाही ओढली.

"गं, माझा फोटू कुठं गेला? बिघडलं काय?"

काय सांगू? नाही बिघडलं आई. चाललंय, अगदी व्यवस्थित चाललंय.

तेवढ्यात कौस्तुभच्या आई आल्या. "अहो मावशी, बसल्याच आहात तर तेवढे कप विसळून घ्या." आई उठली. सवयीनं. पदर खोचला सुद्धा.

माझ्या अंगाची लाही झाली. मी ओरडले, "आई, बस खाली!"

मी पुढं गेले. म्हटलं, "आत्ता जिचा फोटो घालवलात, ती माझी आई आहे."

त्या पुढच्या बाई म्हणाल्या, "अगोबाई! तू वाटत नाहीस गं!"

कौतुक होतं हो त्यांचं. खरंच कौतुक. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"नीट बघा," मी म्हटलं. "मी अशीच वाटते."

कौस्तुभ मला बाजूला घ्यायला लागला. "इमोशनल होऊ नकोस. लोक मागतात ते आपण देतो. आणि आईंना काय कळतंय त्यातलं?"

"चौकोन काढ. नाहीतर मी हे ॲप स्टोअरवर चढवणार नाही."

"नको चढवूस. ओंकार चढवेल." मी तिथंच नोकरी सोडली आणि आईला घेऊन निघाले.

चढवलं. त्याच संध्याकाळी. ओंकार फोनवर म्हणाला, माझं पर्सनल काही नव्हतं गं. ॲप चांगलं चाललंय म्हणे. चालणारच.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये आई माझ्यावर डाफरली. "भांडी घासून शिकिवलं तुला. एका चौकोनापायी नोकरी सोडती व्हय?" मग मी तिला वाचून दाखवावं तसं सांगितलं, त्यात काय लिहिलं होतं ते.

"जल्मभर ठावं हाय मला," ती म्हणाली. "आता लिवलंय, एवढंच."

एवढंच! माझं डोकं त्या एका शब्दानं फिरलं. कुणीतरी बसून लिहिलं ना ते? पगार घेऊन लिहिलं. आणि त्याला वाटलं, आपण साधं काम करतोय.

आज मी हिंजवडीत काम करते. नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत मी विचारते, "यातून कुणाला गाळायचंय?" लोक एकमेकांकडे बघतात. बाई कटकटी आहे म्हणतात. आहेच मी कटकटी. समजूतदार म्हणवून घ्यायची हौस फिटली माझी. माझ्या हातून माणूस गाळला जाणार नाही. आणि जो गाळेल, त्याचं नाव मी भर बैठकीत घेईन. त्याला सुखानं घास गिळू देणार नाही.